पुण्याहून दिवेआगरला प्री-वेडिंग शूट : कामाच्या नोंदी

पुण्यात बसून समुद्रावरचं शूट ठरवणाऱ्यांसाठी या नोंदी. कॅमेऱ्याची सेटिंग्ज कुठेही मिळतात. मला जे अडलं ते भरती, वारा, केस आणि घाट यांत अडलं, त्यामुळे त्याबद्दलच जास्त लिहिलंय.

२० नोव्हेंबर २०२४, बुधवार

मतदानाची सुट्टी, म्हणून दोघं एका वेळी सापडली. मुलाचं ऑफिस हिंजवडीला, मुलीचं खराडीला. शहराच्या दोन टोकांना नोकऱ्या, त्यामुळे साखरपुडा होऊनही भेटी जेमतेम. दोघांच्या बोटांना ताजी शाई. एकमेकांना अहो म्हणायचं की अरे, हे अजून ठरलेलं नाही.

लग्न ठरवून, माघातलं. हे आधी लिहितो, कारण चार-पाच वर्षं सोबत हिंडलेलं जोडपं आणि कांदेपोह्यांतून आलेलं जोडपं यांचं शूट एकाच पद्धतीने होत नाही. पहिल्यांना काही सांगावं लागत नाही. दुसऱ्यांना "जरा जवळ या" म्हटलं की ती आणखी आखडतात.

मागणी अशी: "दादा, समुद्र हवा, पण पोजबिज नको. सहज वाटलं पाहिजे." मोबाइलवर जमवून आणलेले नमुने मात्र सगळे पोजचेच होते. मुलीला उचलून धरलेला मुलगा, वाळूवर दहा फूट पसरलेला गाऊन, वाळूत काढलेलं बदाम. मी मान डोलावली. नमुन्यांवरून पहिल्याच भेटीत वाद घालू नये.

ठरलेला हिशेब: फक्त फोटो, व्हिडिओ नाही, २८,००० रुपये. १०,००० ॲडव्हान्स मिळाला. प्रवास, जेवण, राहणं त्यांच्याकडे. मुलीच्या आईची एक अट आहे, धाकटा भाऊ सोबत येणार. मला आधी ती कटकट वाटली.

जागा दिवेआगर. अलिबाग, काशीद बाजूला शनिवार-रविवारी माणसांशिवाय फ्रेम मिळणं मुश्कील. दापोलीकडचे किनारे चांगले आहेत, पण एका दिवसात अंगावर येतात. दिवेआगरला चारेक किलोमीटर सलग पुळण, मागे सुरूचं बन, आणि कोथरूडहून पौड, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा, बोर्ली पंचतन असा थेट रस्ता. अंतर १६०-१७० किलोमीटर.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस तारखेत गेला, आणि या सगळ्या कामात तारीख हेच अर्धं काम आहे.

मावळत्या उन्हात ओल्या वाळूवर पडलेलं प्रतिबिंब हवं असेल तर सूर्यास्ताला ओहोटी पाहिजे. कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून शेवटी जवळच्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचंच, पण महिन्याभराचा अंदाज भिंतीवरच्या कॅलेंडरवरून दोन मिनिटांत येतो.

यावरून पौर्णिमा आणि अमावस्या या दोन दिवसांच्या आसपास दुपारी बाराच्या सुमारास भरती आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास ओहोटी. डिसेंबरात तिकडे सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी बुडतो. गणित जमलं.

शनिवार-रविवार, ३० नोव्हेंबर आणि १ डिसेंबर. दोघांना सुट्टी, ओहोटी नेमकी. मी लगेच फोन केला. संध्याकाळी मुलाच्या आईचा उलट फोन आला: "अहो, अमावास्या आहे. लग्नाचे फोटो अमावास्येला काढतात का कुणी?" भरतीचं गणित सांगायला सुरुवात केली आणि दुसऱ्या वाक्याला थांबलो. म्हणजे महिन्यातल्या दोन संधींपैकी एक कायमची बाद. ज्यांना हे काम नेहमी करायचं आहे त्यांनी अमावस्या धरूच नये, नाहीतर ठरवलेली तारीख आदल्या रात्री मोडते.

उरली १५ डिसेंबरची पौर्णिमा. त्या रविवारी मुलाच्या घरात एक लग्न. सोमवारची रजा मिळेल की नाही नक्की नाही. मग दोघांच्या सोयीने ८ डिसेंबर धरला. त्या दिवशी अष्टमी लागते, म्हणजे सूर्यास्ताला भरती, हे मला दिसत होतं. तरी हो म्हटलं, कारण ॲडव्हान्स हातात होता आणि पुढची तारीख हातात नव्हती.

३० नोव्हेंबर, शनिवार

समुद्राचा दिवस हुकला, त्यावर सकाळी वेताळ टेकडीवर सराव केला. नेहमीचे कपडे, मेकअप नाही, एक कॅमेरा, ८५ मिलिमीटरची लेन्स. हा तास मी फुकट देतो आणि देत राहणार.

पहिला प्रश्न हातांचा. त्याचे हात खिशात, तिचे ओढणीत. "मोकळे सोडा" म्हटल्यावर चारही हात नुसते लोंबायला लागले. मग त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली, तिच्या हातात माझी लेन्सची पिशवी, आणि म्हटलं, "त्या झाडापर्यंत चालत जा आणि जाता जाता लग्नाला कुणाला बोलवायचं नाही ते ठरवा." झाडापाशी पोचेपर्यंत त्याच्या एका काकांचं नाव निघालं होतं आणि ती पोट धरून हसत होती. तो आधी रागावलेला, मग हसलेला, मग मागे वळून मी ऐकलं का ते बघणारा. तीनही फ्रेम चांगल्या.

दुसरं म्हणजे स्क्रीन. मधेच तिने फोटो बघायला मागितला, मी दाखवला. तिने हनुवटीकडे बोट दाखवलं आणि पुढचा अर्धा तास मान वर करून चालली. तेव्हापासून नियम: शूट चालू असताना स्क्रीन कुणालाच नाही. भावालाही नाही, तो लगेच जाऊन सांगतो.

शटरचा आवाज बंद ठेवला तर फरक पडतो. खटखट ऐकू आली की माणूस श्वास धरतो.

८ डिसेंबर, रविवार

पाचला निघायचं होतं, सव्वासहाला निघालो. ताम्हिणीत मुलीला गाडी लागली. दोनदा थांबलो, आलेपाक, लिंबू, सगळं झालं. माणगावला रविवारची गर्दी. पोचायला एक वाजला. तिचा चेहरा उतरलेला, तो अपराध्यासारखा तिच्या मागे पाण्याची बाटली घेऊन. जेवणात तिने फक्त सोलकढी घेतली.

चारला किनाऱ्यावर आलो. भरती चढत होती. अष्टमीची भरती भांगाची, फार वर येत नाही, पण मला हवी असलेली सपाट ओली वाळू तिच्याखाली गेलेली. आणि वरची कोरडी वाळू चार-पाच दिवस पाण्याने न धुतलेली, म्हणजे टांग्यांची चाकं, एटीव्हीचे पट्टे, कणसाच्या सालपटांचा पसारा. कुठेही कॅमेरा धरला तरी खाली चाकोऱ्या.

मग वारा. दुपारनंतर समुद्राकडून जमिनीकडे खारे वारे वाहतात. सूर्यास्त मागे हवा म्हणून जोडप्याला समुद्राकडे पाठ करून उभं केलं, की वारा त्यांच्या पाठीमागून येतो आणि मुलीचे मोकळे केस सगळे पुढे, तोंडावर. प्रत्येक फ्रेममध्ये एक हात केस सारतोय. सहजपणा राहिला बाजूला, दोघं वाऱ्याशी भांडत होती.

गाऊन लक्ष्मी रोडजवळच्या दुकानातून भाड्याने आणला होता, ३,५०० भाडं, ५,००० डिपॉझिट. घोळदार, आकाशी, नमुन्यातल्यासारखा. घोळ पहिल्याच लाटेत भिजला, त्याला वाळू चिकटली, आणि ती ते ओझं दोन्ही हातांनी उचलून चालायला लागली. भाऊ मागून म्हणाला, "ताई, धुणं आणलंस का?" ती हसली तेवढीच एक फ्रेम जिवंत.

पावणेसहाला सगळ्यात महागाचं. चेहरे काळे पडू नयेत म्हणून स्टँडवर फ्लॅश आणि सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला होता. स्टँडच्या पायाला वाळूची पिशवी बांधली होती, सहायकही धरून होता. तो रिफ्लेक्टर आणायला वळला, वाऱ्याने सॉफ्टबॉक्स शिडासारखा धरला आणि सगळं घोटाभर पाण्यात. फ्लॅश गेला. खारं पाणी आत शिरलं की सेल काढून वाळवण्यात अर्थ नसतो, तरी मी परत येईपर्यंत ते करत होतो.

घरी पोचायला मध्यरात्र उलटली. घाटात मागे तिघंही झोपलेली.

१० डिसेंबर, मंगळवार

फ्लॅश दुरुस्तीला नेला. आतली पट्टी हिरवी पडलेली बघून दुकानदाराने स्क्रू परत लावून दिला आणि पैसे घेतले नाहीत. नवा ९,००० चा.

ट्रायपॉडचे पाय फिरवताना करकर आवाज येतोय. वाळू कुलुपांत गेली आहे. पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याखाली धुतले, एक कुलूप अजून अडतंय. लेन्सच्या पुढच्या काचेवर मीठ सुकलं असेल तर कोरड्या कापडाने पुसू नका, मीठ काचेवर घासतं. आधी ओलसर कापड, मग कोरडं. पुढे फिल्टर लावलेला होता म्हणून लेन्स वाचली.

रविवारचे फोटो दोघांना पाठवले नाहीत. फोन करून सांगितलं की हे मला पसंत नाहीत, माझ्या खर्चाने परत जाऊ. मुलीने विचारलं, "इतके वाईट आलेत का?" मी म्हटलं, केस सुंदर आलेत. तिला पटलं.

गाऊनच्या डिपॉझिटमधून १,२०० कापले, मिठाचे डाग म्हणून. ते त्यांनी भरले.

बदल ठरले ते असे. तारीख १६ डिसेंबर, सोमवार, पौर्णिमेचा दुसरा दिवस. दोघांनी रजा टाकल्या. रविवारी दुपारी घरचं लग्न आटपून निघायचं, म्हणजे शनिवार-रविवारवाले पुण्याकडे परतत असताना आपण उलट्या दिशेने. मुक्काम करायचा, घाटाच्या दिवशी कॅमेरा काढायचाच नाही. गाऊन बाद. तिची स्वतःची नऊवारी आहे, काष्टा असल्यामुळे वाळूत चालता येतं आणि काठ पायांत येत नाही. केसांचा अंबाडा, गजरा, पदर खांद्यावर दोन पिनांनी पक्का. फ्लॅश नेणार, पण लावणार नाही.

ड्रोनचं भावाने विचारलं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण तेवढं हलकं यंत्र खाऱ्या वाऱ्यात एका जागी राहत नाही, आणि डोक्यावर घोंगावणारं काही असताना कुणी सहज चालत नाही. नाही म्हटलं.

१५ डिसेंबर, रविवार

रात्री साडेआठला पोचलो. या वेळी ती पुढच्या सीटवर बसली, पोटात थोडं खाऊन, आणि घाटात मोबाइल बघायचा नाही अशी तंबी. त्रास झाला नाही.

जेवणात उकडीचे मोदक. मुलाने पाच खाल्ले, मग मोजणं सोडलं.

कॅमेऱ्याची बॅग एसीच्या खोलीत ठेवली नाही, ओसरीवर ठेवली. थंडगार काच बाहेरच्या दमट हवेत नेली की धुकं धरते आणि सकाळची पहिली वीस मिनिटं पुसण्यात जातात.

१६ डिसेंबर, सोमवार

सकाळी साडेसहाला किनाऱ्यावर. पौर्णिमेच्या आसपास संध्याकाळी सहाला ओहोटी असते तशी सकाळी सहालाही असते, हे मी सरावाने विसरलो होतो. पाणी लांब गेलेलं, वाळू ओली, चाकोरी एकही नाही. वारा जवळजवळ पडलेला, जो होता तो जमिनीकडून समुद्राकडे, मतलई. समुद्र मागे ठेवून तोंड आमच्याकडे केलं की वारा समोरून, केस आपोआप मागे. संध्याकाळी जे उलटं होतं ते सकाळी सुलटं.

आणि चंद्र. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरही तो पाऊण तास पश्चिमेला राहतो. सव्वासातला समुद्रावर हातभर उंचीवर फिकट पिवळा चंद्र, पूर्वेला डोंगरामागून येणारा मऊ उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर. सत्तर ते दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ ओढणारी लेन्स दोनशेवर नेली, मी शंभर पावलं मागे गेलो. जवळून काढला असता तर चंद्र टिकलीएवढा आला असता. इतक्या लांबून बोलता येत नाही, आणि तेच बरं झालं. फोटोग्राफर दिसेनासा झाला की माणसं आपापसांत बोलतात.

ऊन सुरूच्या शेंड्यांवरून खाली उतरल्यावर बनात गेलो. बनाच्या आत काढू नका. पानांतून गळणारे उन्हाचे ठिपके गालावर, नाकावर पडतात आणि एडिटमध्ये जात नाहीत. सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या किनाऱ्याकडे, म्हणजे वाळूवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येतो. २०२० च्या जूनमधल्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली खूप झाडं पडली. जिथे मोकळ्या फटी आहेत तिथून आरपार समुद्र दिसतो. तिथे बरी कामं झाली.

साडेनऊ ते चार काहीही नाही. सुवर्णगणेशाला जाऊन आलो, मुलीच्या आजीने सांगून ठेवलं होतं. १९९७ मध्ये नारळी-पोफळीच्या बागेत सापडलेला सोन्याचा मुखवटा, २०१२ ला चोरीला गेला, २०२१ मध्ये नव्याने घडवून बसवला. देवळाबाहेर मुलाने तिला गजरा घेऊन दिला. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण मी काढला नाही. दुपारी सगळे झोपले. ही झोप वेळापत्रकात लिहून ठेवा, संध्याकाळच्या चेहऱ्यांत ती दिसते.

चारला परत आलो. दुपारच्या उधाणाने पार सुरूपर्यंत येऊन वाळू धुऊन काढलेली. सोमवार, माणसं तुरळक. पाणी हळूहळू मागे सरकत होतं, त्यामुळे बॅगा जिथे ठेवल्या तिथे निर्धास्त. गेल्या खेपेला भरती चढताना निम्मं लक्ष सामानाकडे होतं.

वाऱ्याचं उत्तर असं काढलं. सूर्यास्ताला पाठ करून उभं करायचंच नाही. दोघं पाण्याच्या कडेने किनाऱ्याला समांतर चालणार, मी पुढे उलटा चालणार. वारा बाजूने येतो, पदर एका बाजूला उडतो, चेहरा मोकळा राहतो, आणि सूर्य एका गालावर. समोरासमोर उभं करायचं तर मुलगी समुद्राकडे तोंड करून, मुलगा समुद्राकडे पाठ करून. त्याच्या केसांचं काय होणार! मी तिच्या खांद्यामागून किंवा सरळ बाजूने.

पाचच्या सुमारास दोघं परत आखडायला लागली. "सहज" म्हणून सांगितलं की सहज होत नाही हे मला माहीत होतं, तरी तोंडून गेलं. तेवढ्यात तिला वाळूतले खेकडे दिसले. ओहोटीच्या ओल्या वाळूत ते बारके खेकडे वाळूच्या गोळ्या करून बिळाभोवती टाकत जातात. ती उकिडवी बसली, काष्टा आवरून. तो शेजारी बसला आणि म्हणाला, "हलू नकोस, येतोय." दोघांनी श्वास धरला. खेकडा डोळे वर करून बाहेर आला, एक गोळी टाकली, ती शिंकली, खेकडा गायब. त्याने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू कुणाचं तरी मोठं नुकसान झालंय. तिने त्याच्या दंडावर चापट मारली. साखरपुड्यानंतर माझ्यासमोरचा हा पहिला आपणहून झालेला स्पर्श. मी गुडघ्यावर बसून होतो, शटर सेकंदाच्या १/५०० ला, आवाज बंद. त्या चार-पाच मिनिटांतले फोटो बाकी दिवसभराच्या फोटोंना भारी आहेत.

त्यानंतर मी काही सांगितलं नाही. भाऊ मात्र उपयोगी पडला. मी त्याला पाण्याच्या बाजूला उभं केलं, म्हणजे दोघं त्याच्याशी बोलताना आपोआप उजेडाकडे बघतात. मुलीच्या आई हुशार आहेत.

सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच धुरकटात विरघळला. हिवाळ्यात हे नेहमीचं, त्यामुळे कोष्टकातल्या वेळेवर विसंबू नका, पंधरा मिनिटं आधीच महत्त्वाचं आटपा. नंतरचा गुलाबी उजेड वीस मिनिटं होता. ओल्या वाळूत आकाश उतरलेलं. काळ्या आकृतींचे दोन-तीन फोटो घेतले. त्यात दोघांच्या नाकांमध्ये बोटभर जागा सोडायला लागते, नाहीतर दोन चेहऱ्यांचा एकच डोंगर होतो.

अंधार पडल्यावर काम बंद. या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, सगळीकडे. रात्री फ्लॅश, विजेऱ्या नकोत, आणि गाडी वाळूत घालणं तर नकोच. ती रुतते हा भाग वेगळा.

२२ डिसेंबर, रविवार

निवड आणि एडिट. सर्वांत जास्त वेळ क्षितिजात. समुद्राची रेघ एक अंशाने कलली तरी पाणी सांडतंय असं वाटतं, आणि उलटं चालताना मी प्रत्येक फ्रेम कललेली काढली आहे. कॅमेऱ्यातली पातळीची रेघ चालू ठेवायला पाहिजे होती.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला असता तर संध्याकाळचा केशरी रंग कॅमेऱ्यानेच धुऊन टाकला असता. ५,६०० केल्विनवर बांधून ठेवला होता, ते बरं झालं. सगळं रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न आटवलेल्या मूळ फाइलींत.

अंगठीच्या जवळच्या फोटोत तर्जनीच्या नखावर मतदानाची शाई दिसते. कातडीवरची गेली, नखावरची नख वाढेपर्यंत राहते. काढू का म्हणून विचारलं. तिने कळवलं, "राहू द्या. कधीचा फोटो ते कळेल."

४ जानेवारी २०२५, शनिवार

दोन्ही घरचे बसून निवड झाली. दोघांनी खेकड्याचे सगळे घेतले. मुलाच्या आईने कार्यालयाच्या दारातल्या फलकासाठी निवडला तो पाचच्या आसपासचा, दोघं सरळ उभी, हात बाजूला, कॅमेऱ्याकडे बघणारी. "यात दोघांचे चेहरे नीट दिसतात." मी तो काढूनच टाकणार होतो. असे दोन-चार सरळ फोटो मुद्दाम काढत जा, फलकाला तेच जातात.

हिशेब. मिळाले २८,०००. पहिली खेप वाया गेली म्हणून तिचा खर्च माझ्यावर घेतला: पेट्रोल २,४००, जेवणं १,८००, सहायक २,०००, फ्लॅश ९,०००. दुसऱ्या खेपेचा सहायक दोन दिवसांचे ४,०००, बाकी खर्च ठरल्याप्रमाणे त्यांनी केला, मी माझ्यावर घ्यायला तयार होतो तरी. हातात राहिले ८,८००. सरावाचा तास आणि एडिट त्यात धरलेले नाहीत. पुढच्या कोटेशनमध्ये मुक्काम सक्तीचा, आणि तारीख मी देणार असं लिहिलंय.

पुढचं जोडपं चिंचवडचं. पौर्णिमा १३ जानेवारीला, पण भोगीला मुलीला घरून सोडणार नाहीत. १४ला चालेल म्हणतात, मात्र संक्रांत म्हणून तिला काळी साडी नेसायची आहे. काळी साडी मावळतीला नुसती काळी दिसते, जर, काठ काहीच उमटत नाही. साडीचे फोटो साडेचारपर्यंत उरकायचे आणि सहासाठी दुसरा रंग आणायचा, असं कळवलंय. उत्तर यायचं आहे. ट्रायपॉडचं ते कुलूप अजून अडतंय.